चालीखालचे पितळ

दौंड–मनमाड लोहमार्गावरचे पुणतांबे हे नगर जिल्ह्यातले गोदाकाठचे गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ते ठाऊक आहे आणि 2017 सालच्या शेतकरी संपाची हाक तिथून उठली म्हणून उरलेल्या महाराष्ट्रालाही. याच गावात 12 जानेवारी 1918 रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. सी. रामचंद्र या नावाने ते हिंदी चित्रपटसंगीतात पहिल्या रांगेत जाऊन बसले. ‘अनारकली’च्या गाण्यांसाठी आणि 1963 साली दिल्लीत लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’साठी त्यांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण त्यांचे आणखी एक मोठे काम आहे. जॅझ हा शब्दही ज्यांच्या कानावरून गेला नव्हता अशा असंख्य माणसांना त्यांनी जॅझच्या ठेक्यावर डोलायला लावले. ‘शहनाई’ (1947), ‘समाधी’ (1950), ‘अलबेला’ (1951), ‘आशा’ (1957) या चित्रपटांतली त्यांची उडती गाणी आजही वरातीत वाजतात. या गाण्यांतला ट्रम्पेट आपल्याला आठवतो, क्लॅरिनेट आठवते, सॅक्सोफोनही आठवतो. मात्र अशा वाद्यवृंदाचा तळ धरणारी ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा ही खालच्या सुरांची पितळी वाद्ये कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि ती फुंकणाऱ्या माणसांची नावे तर नाहीतच. अमेरिकेत ट्रॉम्बोन वाजवून माणूस घराघरात पोचला. आपल्याकडे त्याच वाद्यावर आयुष्य काढलेला माणूस अनामिक राहिला. याचा दोष सहसा वाद्याला दिला जातो. माझे म्हणणे वेगळे आहे. महाराष्ट्रात खालच्या सुरांचा जॅझवादक घडला, पण दोन अर्ध्या भागांत घडला. एक अर्धा भाग गोव्याहून मुंबईला गेला, दुसरा नगरसारख्या जिल्ह्यांत लग्नाच्या बँडमध्ये राहिला, आणि आपल्या समाजरचनेने या दोन भागांची गाठ पडू दिली नाही.

आधी वाद्यांची ओळख करून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्या घडणीवरच उभा आहे. पितळी वाद्यात सूर निर्माण होतो तो ओठांच्या थरथरीतून. नळी त्या थरथरीला आकार आणि आवाज देते. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. ट्रम्पेटची नळी उलगडली तर साधारण साडेचार फूट भरते, ट्रॉम्बोन आणि युफोनियमची तिच्या दुप्पट म्हणजे नऊ फुटांच्या आसपास, तर मोठ्या ट्यूबाची अठरा फूट. ट्रम्पेट, युफोनियम, ट्यूबा यांना कळा असतात. कळ दाबली की नळीचा एक जादा तुकडा हवेच्या वाटेत जोडला जातो आणि सूर ठरावीक अंतराने उतरतो. ट्रॉम्बोनला मात्र कळा नसतात. त्याची अर्धी नळी मागेपुढे सरकते. या सरकत्या नळीच्या सात जागा वादक हाताच्या अंदाजाने आणि कानाने ठरवतो, कारण तिच्यावर कुठेही खूण नसते. सातव्या जागेपासून पहिल्या जागेपर्यंत सहा अर्धस्वरांचे अंतर आहे, म्हणजे आपल्या भाषेत षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंत. एवढ्या टप्प्यात ट्रॉम्बोनवादक एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाऊ शकतो. आपल्या संगीतात यालाच मींड म्हणतात. मींड हा हिंदुस्थानी गायकीचा प्राण आहे आणि पितळी वाद्यांपैकी ती सहजपणे देणारे वाद्य एकच आहे. त्या हिशेबाने भारतात रुजायला ट्रॉम्बोनइतके योग्य पितळी वाद्य दुसरे नव्हते. क्लॅरिनेटला आपण मैफलीत नेले, दक्षिणेत कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनला कर्नाटक संगीताच्या मंचावर मानाने बसवले. ट्रॉम्बोनच्या वाट्याला असा माणूस आला नाही. हे आपोआप घडलेले नाही, त्याला कारणे आहेत.

पहिला आक्षेप इथेच येतो. खालच्या सुरांचे वाद्य हे साथीचेच वाद्य असते, माणसाचा कान वरच्या सुराकडे आधी जातो, तेव्हा ट्रॉम्बोनवाला मागे राहिला यात नवल काय? आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे, पण जॅझचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या बँडमध्ये किड ओरी हा ट्रॉम्बोनवादक होता आणि बँडचा म्होरक्याही. जॅक टीगार्डनने हे वाद्य ब्लूज गाणाऱ्या माणसासारखे बोलते केले. 1930 आणि 40 च्या दशकांत अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय नृत्यवाद्यवृंदांपैकी दोन टॉमी डॉर्सी आणि ग्लेन मिलर यांचे होते, आणि दोघेही ट्रॉम्बोनवादक. डॉर्सीचा दमसास एवढा लांब होता की त्याच्या वाद्यवृंदात गायक म्हणून आलेल्या फ्रँक सिनात्राने ओळ न तोडता गाण्याचे तंत्र त्याच्या वादनावरून उचलले. गायकाने खालच्या पितळी वाद्याकडून शिकावे, हे वाद्य दुय्यम असल्याचे लक्षण खचित नाही. पुढे जे. जे. जॉन्सनने चाळीसच्या दशकातल्या नव्या, वेगवान जॅझची कठीण वळणे त्या सरकत्या नळीवर इतकी स्वच्छ वाजवली की ऐकणाऱ्यांना कळांचे वाद्य वाटावे. मेल्बा लिस्टनसारखी ट्रॉम्बोनवादक वाद्यवृंदरचनाकार म्हणूनही गाजली, आणि ते स्वाभाविक आहे. स्वरमेळाच्या पोटात बसून वाजवणाऱ्याला संपूर्ण रचनेची वीण आतून दिसते. जर्मनीच्या आल्बर्ट मांगेल्सडॉर्फने एक सूर फुंकत असतानाच दुसरा गळ्याने गाऊन एका माणसाच्या ट्रॉम्बोनमधून स्वरमेळ काढला. हाच मांगेल्सडॉर्फ 1964 च्या आशिया दौऱ्यात भारतात आला होता आणि त्यानंतर निघालेल्या त्याच्या तबकडीत रविशंकरांच्या चालीवर बांधलेली रचना आहे. टीगार्डन त्याआधीच, 1958–59 च्या आशिया दौऱ्यात, येऊन गेला होता. 1963 साली ड्यूक एलिंग्टन आला तो लॉरेन्स ब्राउन, बस्टर कूपर आणि चक कॉनर्स हे तीन ट्रॉम्बोनवादक घेऊन. थोडक्यात, वाद्याची क्षमता काय आहे हे मुंबईच्या रसिकांना घरबसल्या ऐकायला मिळत होते. तरी इथला ट्रॉम्बोनवादक मागच्या रांगेतून पुढे आला नाही. मग कारण वाद्याच्या बाहेर शोधावे लागते.

गोव्यातल्या अर्ध्या भागापासून सुरुवात करू. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला, सामूहिक गायनात आपला आवाज धरायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. सामूहिक गायनात वरच्या आवाजाखाली आणखी तीन आवाज असतात आणि सगळ्यात खालच्या आवाजाच्या आधाराने बाकीचे उभे राहतात, हे त्या मुलांच्या अंगात लहानपणीच भिनत असे. गोव्यात पोट भरण्याइतके काम नव्हते, म्हणून ही मुले संस्थानांच्या बँडमध्ये, इंग्रज पलटणींत, पोलीस बँडमध्ये, बोटींवर आणि हॉटेलांत गेली. 1935 साली लिऑन ॲबी आपला आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि गोव्याच्या वादकांना खरा जॅझ समोर बसून ऐकायला मिळाला. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने भारताचा लुई आर्मस्ट्राँग ठरला. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड ट्रम्पेटवर नाव मिळवून गेला. मिकी कोरिया 1939 पासून दोन दशके ताजमध्ये बँड चालवत राहिला. यांतल्या कुणाच्याही हाती खालचे पितळ नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्होरक्या नेहमी वरच्या सुराचा, आणि ट्रॉम्बोनची खुर्ची नोकरीची. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कागद वाचता येणे, वेळेवर येणे, आपला सूर न चुकता धरणे एवढेच अपेक्षित होते. 1949 च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या हॉटेल-क्लबांची रात्रीची उलाढाल खाली आली, गोऱ्या साहेबांची पाठ वळलीच होती, आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. तिथे मोबदला ध्वनिमुद्रणाच्या कामागणिक मिळे. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे छापली जात. वादकाचे नाव हजेरीच्या कागदापलीकडे क्वचितच जाई.

आता नगरकडे येऊ. हा जिल्हा पितळी वाद्यांना परका नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) एकोणिसाव्या शतकापासून छावणीचे गाव. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आले, पुढे यांत्रिक पायदळाचेही. अशा प्रत्येक केंद्राला स्वतःचा बँड असतो, त्यात ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा असतात, आणि अधिकाऱ्यांच्या मेजवानीत वाजवणाऱ्या छोट्या ताफ्याला लष्करात आजही ‘जॅझ बँड’च म्हणतात. दुसरी परंपरा मिशनची. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरमध्ये काम करत होते. तेव्हा गोव्याप्रमाणे इथल्या ख्रिस्ती मुलांमधूनही पाश्चात्य वाद्यांचे वादक निघायला हवे होते असे कुणी म्हणेल. ते मोठ्या प्रमाणावर घडले नाही, आणि त्यामागे एक जाणतेपणाने घेतलेला निर्णय होता. नगर-राहुरीत वावरलेल्या नारायण वामन टिळकांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी ख्रिस्ती उपासना अभंग, भजन आणि कीर्तनाच्या वाटेने नेली. तो निर्णय मराठी संगीताच्या आणि मराठी मनाच्या दृष्टीने मोलाचाच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की नगरच्या ख्रिस्ती वस्तीत टाळ-मृदंग घुमले आणि चार आवाजांच्या स्वरमेळाची सवय गोव्याइतकी खोल गेली नाही. उरली तिसरी परंपरा, लग्नाच्या बँडची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पलटणींची नक्कल म्हणून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले हे बँड गावोगाव पोचले. मेरठच्या कारखान्यांनी, विशेषतः नादिर अली यांच्या पेढीने, त्यांना परवडणारी पितळी वाद्ये पुरवली. सनई-चौघडा आणि हलगी वाजवणाऱ्या जातींप्रमाणेच बँडमध्येही प्रामुख्याने दलित आणि मुस्लिम घरांतली माणसे आली. 1950 च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पाठोपाठ जिल्ह्यात आणखी कारखाने उभे राहिले, हातात पैसा खेळू लागला आणि लग्नाची वरात बँडशिवाय निघणे कमीपणाचे ठरू लागले.

या बँडमध्ये खालचे पितळ काय करते, हे कान देऊन ऐकण्यासारखे आहे. बँडमास्तर क्लॅरिनेटवर किंवा ट्रम्पेटवर गाण्याची ओळ एकट्याने वाजवतो. मग ट्रम्पेट आणि युफोनियम यांचा सगळा ताफा तीच ओळ उचलून परत करतो. म्हणजे युफोनियमवाला स्वरमेळाचा आधार देत नाही, तो चालच वाजवतो, एक सप्तक खालून. कागद नाही, स्वरलिपी नाही; गाणे ऐकले की बोटांत आले पाहिजे, आणि नवरदेवाच्या मित्रांनी मध्येच फर्माईश बदलली तर त्याच पावलावर दुसरे गाणे धरता आले पाहिजे. बुवांनी ओळ म्हणायची आणि टाळकऱ्यांनी ती झेलायची, ही कीर्तनातली रीत या बँडने पितळात आणली. जॅझची मुळे जिथे आहेत त्या आफ्रिकी-अमेरिकी प्रार्थनेत आणि श्रमगीतांतही म्हणणारा एक आणि झेलणारे अनेक अशीच रचना असते. न्यू ऑर्लिन्सचे बँड प्रेतयात्रेत आणि मिरवणुकीत रस्त्यावरून चालत वाजवत, तेव्हा तिथेही पलटणीतून उतरलेली वाद्ये गरीब, दबलेल्या समाजाच्या हातात होती आणि अनेकांचे शिक्षण कानावर झालेले होते. वाद्ये, रस्ता, हातावर पोट, कानाने शिकणे, सगळे नगरच्या बँडवाल्याकडे होते. नव्हते ते एकच, स्वरमेळाचे ज्ञान. उलट मुंबईच्या गोवेकर ट्रॉम्बोनवाल्याकडे स्वरमेळ होता, वाचन होते, पण कामाच्या वेळी मोकळेपणाने चाल फुलवण्याची मुभा नव्हती. जॅझवादकाला दोन्ही लागते, आणि आपल्याकडे ते दोन वेगळ्या माणसांत विभागले गेले. धर्म वेगळा, जात वेगळी, भाषा वेगळी, एक शहरात आणि एक रस्त्यावर; ही दोन माणसे एका खोलीत बसून एकमेकांकडून शिकण्याचा प्रसंग येणार कसा?

तो प्रसंग सर्वांत जवळ आला सी. रामचंद्रांच्या कारकिर्दीत, असे मला वाटते. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली हार्मोनियम वाजवत दिवस काढले आणि मास्टर भगवान म्हणजेच भगवानदादा यांच्या स्टंटपटांना संगीत देत वर आले. बेनी गुडमनच्या स्विंग संगीताचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांनी चिक चॉकलेटला सहायक म्हणून घेतले. ‘अलबेला’त चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. नगर जिल्ह्यातल्या मराठी माणसाची चाल, आल्दोन्याच्या माणसाचा वाद्यमेळ आणि मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या भगवानदादांची नाचाची ढब एकत्र आली, आणि त्यातून निघालेल्या ‘शोला जो भडके’ने देश डोलवला. इथे चाल अगदी साधी असते, लग्नाच्या बँडने एकदा ऐकून उचलावी इतकी. तिच्याभोवती पितळ आणि सॅक्सोफोन एकेकटे येत नाहीत. ते थव्याने येतात, गायकाच्या ओळीला उत्तर देतात आणि पुन्हा ठेक्यात मिसळतात. ‘ईना मीना डीका’त तर हे प्रश्नोत्तर गाण्याचा जीवच होऊन बसले आहे. म्हणणारा आणि झेलणारे ही रीत आणि स्वरमेळाचा भक्कम पाया, दोन्ही या गाण्यांत एकत्र ऐकू येतात. मग चक्र पूर्ण झाले: मुंबईत कागदावरून वाजलेले हे गाणे आठ-पंधरा दिवसांत कोपरगाव-श्रीरामपूरच्या बँडवाल्याने कानाने उचलले, आणि गोव्याच्या वादकांनी थव्याने वाजवलेली फेक त्याच्या युफोनियममधून गल्लीत घुमली. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेट झाली ती फक्त गाण्यात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, ही सगळी उसनवारी आहे. ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ची चाल एडमुंडो रॉसच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या लॅटिन अमेरिकन ढंगाच्या एका गाण्यावरून आली, हे उघड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण चाल उचलता येते, वादन उचलता येत नाही. ते गाणे मुंबईत वाजवायला अशी माणसे लागली ज्यांच्या ओठांत, दमात आणि कानात ते संगीत मुरलेले होते. उसनवारीचा आरोप संगीतकारावर ठेवा, पण त्याच आरोपाखाली वादकाचे कौशल्य गाडू नका. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जॅझचा आत्मा उत्स्फूर्त विस्तारात असतो. तीन मिनिटांच्या तबकडीत कागदावर लिहिलेले वाजवणाऱ्याला जॅझवादक का म्हणावे? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ट्रॉम्बोनवाल्याला मोकळे सोडत नव्हते, आणि तेच तर त्याच्या अपूर्णतेचे कारण मी वर सांगितले. पण ग्लेन मिलरचा वाद्यवृंदही बहुतांश लिहिलेलेच वाजवत असे आणि त्याला कुणी जॅझच्या इतिहासातून हाकलून देत नाही. कागदावर सूर लिहिलेले असतात. ठेक्याच्या किंचित मागे रेलून तो सूर कसा टाकायचा, कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, हे लिहिता येत नाही. ते वादकाच्या अंगात असावे लागते. शिवाय हेच लोक रात्री हॉटेलांत, रविवारी सकाळच्या मोकळ्या बैठकांत मनासारखे वाजवत होते. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण फारसे झाले नाही म्हणून ते घडलेच नाही असे मानणे अन्यायाचे होईल.

हे वादक विस्मृतीत जाण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे, आणि त्याची चर्चा क्वचित होते. त्या काळचे ध्वनिमुद्रण एकमार्गी होते. एक-दोन मायक्रोफोनांपुढे सगळा ताफा बसे, गायक सर्वांत पुढे, पितळ सर्वांत मागे, कारण पितळाचा आवाज मोठा. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर आणि चित्रफितीच्या ध्वनिपट्टीवर अगदी खालचे सूर पातळ होत. त्यावर कडी म्हणजे श्रोता ते गाणे ऐकत होता रेडिओ सिलोनवर, छोट्या पेटीतल्या चार-पाच इंचांच्या कर्ण्यातून. एवढा कर्णा सेकंदाला शंभर कंपनांच्या खालचे सूर धडपणे उमटवूच शकत नाही, आणि ट्रॉम्बोन-ट्यूबाचे खालचे सूर नेमके तिथेच राहतात. कान वरच्या कंपनांवरून खालच्या सुराची कल्पना करून घेतो, त्यामुळे गाणे पोकळ वाटत नाही, पण वाजवणारा वेगळा ओळखू येत नाही. म्हणजे ट्रॉम्बोनवाला मंचावर मागे, हजेरीपटात निनावी आणि कर्ण्यात अर्धा पुसलेला. घराचा पाया जमिनीत गाडलेला असतो तशी त्याची गत झाली. सुदैवाने आता नीट साफ केलेली जुनी ध्वनिमुद्रणे चांगल्या हेडफोनवर ऐकता येतात, आणि तोच थर पुन्हा उघडा पडू लागला आहे. 1950 च्या दशकातल्या उडत्या गाण्यांत गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेकडे लक्ष द्या. तिथे वरच्या ट्रम्पेटच्या पोटात जो जाड, उबदार आवाज असतो तो या माणसांचा.

शारीरिक कष्टांविषयीही सांगायला हवे, कारण कारकीर्द म्हणजे नुसत्या नावांची यादी नव्हे. ओठांभोवतीचे स्नायू रोज वाजवले नाहीत तर आठवड्याभरात सैल पडतात. पुढचा दात हलला की सूर हलतो. दात गेला की अनेकांची कारकीर्दच जाते. ट्यूबा किंवा सूझाफोन खांद्यावर घेऊन मे महिन्याच्या उन्हात चालत वाजवणे म्हणजे मजुरीच. ध्वनिमुद्रणात वेगळा ताण: साठ मात्रा गप्प बसायचे, मोजत राहायचे आणि एकसष्टाव्या मात्रेला थंड पडलेल्या वाद्यातून अचूक सूर काढायचा. चुकला तर गायकासकट सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. या शिस्तीत टिकून नाव मिळवलेले ट्रॉम्बोनवादक मोजकेच. मोन्सोरेट घराण्यातले ब्लास्को हे त्यांतले एक. वडील पीटर ट्रम्पेटवादक, भाऊही ट्रम्पेटवर, आणि ब्लास्को यांनी राहुलदेव बर्मन यांच्या काळात चित्रपटसंगीतात ट्रॉम्बोन वाजवला. हे नाव आज काही रसिकांना ठाऊक आहे, याचे श्रेय ग्रेगरी बूथ, नरेश फर्नांडिस अशा अभ्यासकांना, ज्यांनी स्टुडिओ आणि हॉटेलांतल्या वादकांचा इतिहास शोधून पुस्तकांत आणला. बूथ यांनी लग्नाच्या बँडवरही स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. इतका गंभीर अभ्यास परदेशी विद्यापीठातल्या माणसाने इंग्रजीत करावा आणि मराठीत त्याच्या तोडीचे काही नसावे, याची मला मनापासून खंत वाटते.

1980 नंतर दोन्ही अर्ध्या भागांचे काम एकाच वेळी गेले. स्टुडिओत सिंथेसायझर आला. कळफलकावर एक माणूस सगळ्या पितळी ताफ्याचा आवाज काढू लागला, आणि कळफलकाने सर्वांत आधी गिळले ते मागचे थर, कारण त्यांची अदलाबदल कुणाच्या लक्षात येत नव्हती. रस्त्यावर आधी बेंजो पार्टी आली, मग गाड्यावर कॅसिओ आणि मोठे कर्णे, मग डीजे. डीजेच्या कर्ण्याने जागा घेतली ती नेमकी खालच्या सुरांची. छातीत धडकणारा जो आवाज आज वरातीत लोकांना हवा असतो, तो एकेकाळी युफोनियम आणि ढोल मिळून देत. बँड उरले, पण त्यांतली युफोनियमवाल्यांची संख्या आधी घटली. मालक काटकसर करतो तेव्हा क्लॅरिनेटवाल्याला काढत नाही. पुण्याच्या प्रभात आणि दरबार यांसारख्या नावाजलेल्या बँडना लौकिकाचा आधार तरी आहे. तालुक्याच्या गावातल्या बँडवाल्याला लग्नसराईचे काही महिने सोडले तर दुसरे काम पाहावे लागते.

तरी ही गोष्ट संपली असे मी मानत नाही, कारण जे दोन अर्धे भाग जोडायचे आहेत ते दोन्ही अजून नगर जिल्ह्यातच हाताशी आहेत. लष्कराच्या बँडमधले वादक मध्य प्रदेशात पचमढीच्या सैनिकी संगीत शाळेत रीतसर शिकतात. स्वरलिपी, स्वरमेळ, वाद्यवृंदरचना हे सगळे त्यांना येते. असा वादक ऐन उमेदीत निवृत्त होतो आणि बहुधा सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो. दुसरीकडे बँडवाल्यांच्या घरांत मुले आहेत, ज्यांचा कान तयार आहे, ज्यांच्या घरी आजोबांचे युफोनियम माळ्यावर पडलेले आहे आणि ज्यांना ते वाजवण्यात भविष्य दिसत नाही. एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी या दोघांना एकत्र बसवायला फार पैसा लागत नाही. कुणी म्हणेल, वाजवून करणार काय, बाजार कुठे आहे? बाजार लहान आहे हे खरे. पण पोलीस आणि लष्कराच्या बँडमध्ये भरती होते, महानगरांतल्या वाद्यवृंदांना आणि जॅझच्या ताफ्यांना चांगला ट्रॉम्बोनवादक मिळणे कठीण जाते, आणि नव्या चित्रपटसंगीतात खऱ्या पितळाचा आवाज पुन्हा मागितला जातो आहे, कारण कळफलकाला नळीची मींड नीट जमत नाही. सुरुवातीला त्या मुलांच्या हाती देण्यासाठी संगीतही तयार आहे. पुणतांब्याच्या चितळकरांनी केलेल्या चालींचे चार आवाजांत पुनर्लेखन करायचे, खालची ओळ युफोनियम आणि ट्रॉम्बोनला द्यायची, मधल्या जागेत प्रत्येकाला सोळा मात्रा आपल्या मनाने वाजवायला मोकळ्या सोडायच्या, आणि कार्यक्रमपत्रिकेवर गायकाच्या नावाखाली वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्याच्या वाद्यासह छापायचे.